हिब्रू गोष्ट वाचताना आधी क्रियापद कुठे आहे ते बघा

बायबलची हिब्रू शिकायला घेतली तेव्हा पहिलं वर्ष माझं नुसतं क्रियापदांची रूपं पाठ करण्यात गेलं, शब्द कळायचे, व्याकरण कळायचं पण गोष्ट वाचतोय असं काही वाटायचं नाही. म्हणून नवीन लोकांना सांगतो, शब्दांच्या क्रमाकडे पहिल्या महिन्यापासूनच लक्ष द्या.

आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, तिकडे गोष्ट चालू असली की ते पुढे. वय्योमेर म्हणजे 'आणि म्हणाला', वय्येलेख म्हणजे 'आणि गेला', अशी व-वाली क्रियापदं एकामागून एक येतात आणि गोष्ट सरकत राहते. मधेच कर्ता किंवा दुसरा शब्द क्रियापदाच्या आधी दिसला की थांबायचं.

देवाचं ऐकायचं सोडून पळून जाणाऱ्या योना संदेष्ट्याचं पुस्तक आहे बायबलमधे, त्याचा पहिला अध्याय घ्या. तिसऱ्या ओवीत तो 'वय्येरेद', याफो बंदराला उतरला, परत 'वय्येरेद', जहाजात उतरला. चौथी ओवी मात्र थेट परमेश्वराच्या नावाने सुरू होते, त्याने समुद्रावर मोठा वारा सोडला. मग खलाशी घाबरले, आपापल्या देवांना हाका मारतायत, माल समुद्रात फेकतायत, आणि पुढे येतं 'वेयोना यारद'. धातू तोच, फक्त नाव आधी आलं आणि रूप बदललं! योना तर केव्हाच जहाजाच्या तळाशी गेला होता. मराठीत हा 'तर' आणि 'होता' घातल्याशिवाय ते येतच नाही, आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायाची पाचवी ओवी पण अशीच, 'वय्यिक्रा' देवाने प्रकाशाला दिवस म्हटलं, 'वेलाहोशेख कारा', अंधाराला मात्र रात्र.

पण एक चूक करू नका जी मी बरेच दिवस केली, नाव पुढे दिसलं की लगेच 'इथे जोर आहे' असं वहीत लिहायचो. कधी ती नुसती मागची माहिती असते, कधी नवा प्रसंग सुरू होतो. उत्पत्तीत योसेफची गोष्ट चालू असताना ३८ व्या अध्यायात मधेच त्याच्या भावाची, यहूदाची गोष्ट येते, ती संपून ३९ वा 'वेयोसेफ' ने सुरू होतो, म्हणजे चला आता परत योसेफकडे. आणि नकार असला तर 'लो' मधे येतो, त्याच्यामुळे व-वालं रूप तिथे वापरताच येत नाही, ती व्याकरणाची गरज आहे, त्यात जोर शोधत बसू नका.

सरावाला योनाच घ्या, चारच अध्याय, ४८ ओव्या. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द अधोरेखित करा आणि जिथे क्रियापद पुढे नाही तिथे स्वतःच्या मराठीत 'तर', 'मात्र', 'इकडे' यातलं काय बसतं ते मोठ्याने म्हणून बघा.