बोर्डाच्या मीटिंगला जूनमध्ये जाऊ नका

इथे कॅलिफोर्नियात मुलीच्या सरकारी शाळेतली लायब्ररी आठवड्यातून पाच दिवसांऐवजी दोनच दिवस उघडणार असं कळलं, तेव्हा मी पहिलं पत्र लिहिलं ते महापौरांना. मिरजेत वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? चार दिवसांनी सिटी हॉलमधून अगदी गोड उत्तर आलं, की शाळा आमच्या अखत्यारीत नाहीत. मग प्रिन्सिपलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही. शेवटी जूनच्या चौथ्या आठवड्यात, शाळांचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या बोर्डाच्या मीटिंगला गेले आणि तीन मिनिटं तावातावाने बोलले. पाचही जणांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि पंधरा मिनिटांत बजेट एकमताने मंजूर करून टाकलं.

त्यानंतर दोन वेळा शाळेच्या साइट काउन्सिलवर, म्हणजे पालक आणि शिक्षकांच्या समितीवर, निवडून आले, बजेटं वाचली, पुष्कळदा तोंडावर आपटले. नव्याने आलेल्या पालकांना तेवढं तरी आपटायला लागू नये म्हणून हे लिहिते आहे. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सास, न्यू जर्सीवाल्यांनी इथले नियम तिकडे लावू नयेत.

आधी आपला स्कूल डिस्ट्रिक्ट कोणता ते बघा. स्कूल डिस्ट्रिक्ट हे शहराचं खातं नव्हे. ती शाळा चालवणारी स्वतंत्र सरकारी संस्था आहे. तिची हद्द वेगळी, निवडणूक वेगळी, हिशेब वेगळा. कुपर्टिनोतलं एकच घर दोन डिस्ट्रिक्टमध्ये असतं: आठवीपर्यंत कुपर्टिनो युनियन आणि नववीपासून फ्रीमाँट युनियन हायस्कूल. बरं, या 'फ्रीमाँट'चा सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या फ्रीमाँट शहराशी काडीचा संबंध नाही. त्या शहराचा डिस्ट्रिक्ट फ्रीमाँट युनिफाइड. 'युनिफाइड' म्हणजे बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळं एकाच छताखाली. सिटीच्या हद्दीवरून अंदाज बांधू नका. भाड्याने घर घेत असाल तर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. स्वतःचं घर असेल तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर डिस्ट्रिक्टची नावं छापलेली असतात.

डिस्ट्रिक्ट चालवतं निवडून आलेलं बोर्ड. बहुतेक ठिकाणी पाच ट्रस्टी, मोठ्या ठिकाणी सात, मुदत चार वर्षांची. बोर्ड सुपरिंटेंडेंट नेमतं आणि बाकीचा गाडा सुपरिंटेंडेंट हाकतो. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडून येतो आणि सीईओ सरकार पाठवतं, तसं इथे नाही. इथे तो माणूस बोर्डच शोधून आणतं आणि नको झाला की बोर्डच काढतं. म्हणून 'सुपरिंटेंडेंट ऐकत नाही' ही तक्रार बोर्डापुढे चालते आणि 'अमक्या मास्तरांनी मार्क कमी दिले' ही चालत नाही.

एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर बोर्डाच्या निवडणुकीत मत नाही. अपवाद सॅन फ्रान्सिस्कोचा: तिथे २०१६ साली मतदारांनी नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा-बोर्डापुरता मताचा हक्क दिला. पण बोलायला मत लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी माणसं 'आपल्याला कुठे अधिकार आहे' म्हणून घरी बसतात. बसू नका.

आता पैसा. इथे सगळ्यांचा, माझाही, एक गैरसमज असतो, की आपण एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो तो आपल्या शाळेला जातो. १९७८ साली मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केलं. तेव्हापासून मूळ टॅक्स घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्का, आणि ती किंमत घर विकेपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढणार. आमच्या समोरच्या आजोबांनी घर १९८१ साली घेतलं. आमचं घर त्यांच्याहून लहान, तरी टॅक्स कितीतरी पट. हा पैसा काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, गोळा करते आणि सिटी, काउंटी, डिस्ट्रिक्ट सगळ्यांना वाटते.

दुसरीकडे राज्य प्रत्येक डिस्ट्रिक्टसाठी एक रक्कम ठरवतं. २०१३ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात आलेलं हे सूत्र, लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला. दर मुलामागे इतके डॉलर, इयत्तेच्या गटाप्रमाणे कमीजास्त. या रकमेत आधी स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स धरतात, आणि उरलेली तूट राज्य भरतं. म्हणजे तुमच्या गल्लीत घरं महागली, टॅक्स वाढला, तर राज्य तेवढा हात आखडता घेतं. डिस्ट्रिक्टची बेरीज तीच! माइकसमोर 'आम्ही एवढा टॅक्स भरतो' असं म्हणणाऱ्याकडे बोर्ड कसनुसं हसून का बघतं, ते मला यानंतर कळलं.

याचं मूळ १९७१ च्या सेरानो खटल्यात आहे. त्याआधी १९६८-६९ मध्ये बेव्हर्ली हिल्स एका मुलामागे १,२३२ डॉलर खर्च करत होतं आणि त्याच काउंटीतलं बाल्डविन पार्क ५७७. गरीब वस्तीतल्या घरांवर टॅक्सचा दर जास्त लावूनही पैसा कमी जमायचा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असं सांगितलं.

तरी एक पळवाट उरली. ज्या डिस्ट्रिक्टचा प्रॉपर्टी टॅक्सच ठरलेल्या रकमेहून जास्त जमतो, त्याला वरचा पैसा ठेवता येतो. याला 'बेसिक एड' म्हणतात. नाव उलटं वाटतं, कारण ते राज्याच्या किमान मदतीवरून पडलंय: घटनेप्रमाणे दर मुलामागे १२० डॉलर. पालो आल्टो तसा, वर सांगितलेला फ्रीमाँट युनियन हायस्कूलही तसा. तुमचा डिस्ट्रिक्ट बेसिक एड आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. पुढचं निम्मं गणित त्यावर फिरतं.

नसेल, तर पैसा पटावरच्या नव्हे, हजर मुलांच्या सरासरीवर मिळतो. आजारी असल्याची चिठ्ठी दिली तरी तो दिवस पैशाच्या हिशेबात गैरहजेरीच. आपण डिसेंबरात तिकिटं स्वस्त म्हणून तीन-तीन आठवडे पुण्याला जातो, तेव्हा शाळेचे पैसे बुडतात. यावर 'इंडिपेंडंट स्टडी'चा उपाय आहे: करार करून शिक्षकांनी दिलेला अभ्यास परदेशातून पुरा करायचा, आणि तो नीट झाला तर हजेरी लागते. प्रत्येक डिस्ट्रिक्टचे नियम वेगळे, म्हणून तिकीट काढण्याआधी शाळेच्या ऑफिसात विचारा. आणि न कळवता गायब होऊ नका, परत येईपर्यंत जागा गेलेली असू शकते.

याच सूत्रात कमी उत्पन्नाच्या घरातलं, इंग्रजी शिकत असलेलं किंवा फॉस्टर केअरमधलं (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेलं) मूल असेल तर २० टक्के जादा मिळतात. एक मूल दोन गटांत बसलं तरी एकदाच मोजतात. अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील तर त्या वरच्या मुलांसाठी आणखी वेगळं अनुदान असतं.

आता माझी चूक. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो, त्यात मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला लागलं असं विचारतात. माझी लेक 'आई, दूदू दे' म्हणत मोठी झालेली, आणि मी बेधडक 'इंग्लिश' लिहिलं. ग्रुपवर कोणीतरी सांगितलं होतं की मराठी लिहिलं तर मुलीला वेगळ्या वर्गात टाकतात. तसं काही नसतं. मराठी लिहिलं की ३० दिवसांत एल्पॅक नावाची इंग्रजीची चाचणी घेतात. येत असेल तर मूल थेट 'इंग्रजीत प्रवाही' ठरतं आणि विषय संपतो. येत नसेल तर इंग्रजीची जादा शिकवणी कायद्याने मिळते आणि डिस्ट्रिक्टला ते २० टक्के मिळतात. खरं असेल ते लिहा. शाळेत अशी २१ मुलं झाली की पालकांची एक सल्लागार समिती, ईलॅक, बसवावीच लागते. सुरुवात करायला ती सगळ्यात सोपी जागा, आणि तिथे कोणी धड येत नाही.

उत्पन्नाचा फॉर्मही भरून द्या. २०२२ पासून जेवण सगळ्यांना फुकट झालं, म्हणून लोक तो कचऱ्यात टाकतात. पण कमी उत्पन्नाच्या मुलांची मोजणी त्यावरूनही होते.

बजेटची पीडीएफ दीडशे पानांची असते. सगळी वाचायला जाऊ नका, मी पहिल्या वर्षी वाचली आणि काही हाती लागलं नाही. 'जनरल फंड', म्हणजे फंड ०१, याचं सारांशाचं पान उघडा. त्यात दोन रकाने असतात: अनरिस्ट्रिक्टेड आणि रिस्ट्रिक्टेड. दुसऱ्यातला पैसा ठरलेल्या कामालाच वापरता येतो, तेव्हा बोर्डाच्या हातात खरा पहिलाच रकाना. खर्चाचे आकडे राज्यभर सारखे: १००० म्हणजे शिक्षकांचे पगार, २००० इतर कर्मचाऱ्यांचे, ३००० विमा-पेन्शन, ४००० पुस्तकं आणि सामान, ५००० बाहेरच्या सेवा. पहिल्या तिन्हींची बेरीज करून एकूण खर्चाने भागा. बहुतेक ठिकाणी ८० टक्क्यांच्या वर उत्तर येईल. म्हणून 'कागद वाचवा, लाइट बंद करा' अशा सूचना देऊन काही होत नाही. मोठी कपात म्हणजे माणसं कमी करणं. शिक्षकांच्या पगारावर १९.१ टक्के तर नुसते त्यांच्या पेन्शन फंडात जातात.

खाली ८९८० च्या आसपास 'काँट्रिब्यूशन' नावाची ओळ असते. पहिल्या रकान्यातून वजा आणि दुसऱ्यात अधिक. ती मुख्यतः विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाची. हा आकडा बघून काही पालक त्या मुलांविषयी जे बोलतात ते मी ऐकलंय आणि मला त्याची शरम वाटते. १९७५ च्या कायद्यात वॉशिंग्टनने अशा दर मुलामागे, देशातल्या दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं ठरवलं होतं, तेवढा कधीच उचलला नाही. राग काढायचा तर तिकडे काढा.

'नवीन जिमला पैसा आहे, लायब्ररीला नाही?' हाही नेहमीचा सवाल. जिमचा पैसा बाँडचा, तो मतदारांनी ५५ टक्क्यांनी मंजूर केलेला, आणि त्यातून पगार द्यायला कायद्याने बंदी आहे. पगाराला चालतो तो पार्सल टॅक्स, म्हणजे जमिनीच्या दर तुकड्यामागे लावलेला जादा कर, पण त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. आणि शाळांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या फाउंडेशनकडून ऑगस्टमध्ये येणारी 'दर मुलामागे इतके डॉलर' ही चिठ्ठी देणगीची असते, फी नव्हे. सरकारी शाळेला फी घेता येत नाही. ऐपत असेल तर द्या, कंपनीचं मॅचिंग (आपल्या देणगीवर कंपनी घालते ती भर) लावा, नसेल तर मान खाली घालू नका.

आता वेळापत्रक, कारण मी तिथेच चुकले होते. १० जानेवारीपर्यंत गव्हर्नर आपलं बजेट मांडतो. त्यावरून डिस्ट्रिक्ट कपातीची यादी करायला घेतो. ज्या शिक्षकांची जागा जाणार त्यांना १५ मार्चच्या आत नोटीस द्यावी लागते. म्हणजे बोर्डाचा ठराव फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीलाच होतो. त्यात 'लायब्ररी' हा शब्द मथळ्यात नसतो. मथळा असतो 'काही विशिष्ट सेवा कमी करणे' असा. जोडलेला तक्ता उघडला की एक ओळ दिसते: टीचर लायब्ररियन, ०.६. पाच दिवसांतले तीन दिवस गेले, एवढाच त्याचा अर्थ. मेमध्ये सुधारित बजेट, जूनमध्ये एका मीटिंगला जाहीर सुनावणी, दुसरीला मंजुरी, ३० जूनच्या आत सगळं आटोपलेलं. मी जूनमध्ये ज्यासाठी भांडत होते ते चार महिन्यांपूर्वीच ठरलं होतं.

म्हणून जानेवारीपासून प्रत्येक अजेंडा उघडून बघा. सरकारी बैठका उघड घ्यायला लावणाऱ्या ब्राउन कायद्याप्रमाणे नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. आमच्याकडे तो शुक्रवारी संध्याकाळी येतो. जोडपत्रं उघडा, खरी गोष्ट तिथेच असते. आपला विषय अजेंड्यावर असेल तर स्पीकर कार्डावर, म्हणजे बोलायला नाव देण्याच्या चिठ्ठीवर, त्याचा क्रमांक लिहा. नसेल तर बोर्डाला त्यावर चर्चा करता येत नाही, कायद्यानेच. तुम्ही पोटतिडकीने बोलता आणि समोरून नुसतं 'थँक यू' येतं, ते त्यामुळे. पाचही जणांना ईमेल पाठवायला हरकत नाही, पण एकमेकांना 'रिप्लाय ऑल' करून चर्चा करणं त्यांना मना आहे. उत्तर एकट्याचं येईल किंवा येणार नाही.

बोलायला सहसा तीन मिनिटं. गर्दी असली की अध्यक्ष ती कमी करतात, मग तीन मिनिटांचं भाषण मधेच तुटतं. दीड मिनिटाचं लिहून न्या. मुलगी लायब्ररीत किती रमते हे मी पुढच्या वर्षी एका वाक्यात सांगितलं आणि उरलेल्या वेळात तीन प्रश्न विचारले: गेल्या वर्षीपासूनची ही ०.६ ची कपात म्हणजे नेमके किती डॉलर, राखीव निधी किमान ३ टक्क्यांच्या वर किती आहे, आणि ही तूट याच वर्षाची आहे की पुढच्या दोन वर्षांच्या अंदाजातही दिसते? एका ट्रस्टीने तेच प्रश्न उचलून अधिकाऱ्यांना विचारले. शेवटी कपात ०.२ वर आली.

मीटिंग सहाला असली तरी बोर्ड आधी बंद दाराआड बसतं आणि बाहेर यायला सात वाजतात. आमचा विषय रात्री सव्वादहाला आला. हॉलमध्ये एसी फार असतो, स्वेटर न्या. खायला मिळत नाही, मी चिवड्याची पुडी नेते, आणि आता मागच्या रांगेतल्या साफसफाई बघणाऱ्या कस्टोडियन काकांनाही तो आवडायला लागलाय.