तीन पात्यांचा स्टॉकमन कसा निवडावा, कसा बाळगावा

पेनसिल्व्हेनियात आल्यापासून माझ्या उजव्या खिशात केस (Case) या अमेरिकन कंपनीचा ६३१८ असतो, म्हणजे स्टॉकमन जातीचा, तीन पात्यांचा मिटणारा चाकू. आकड्यातला ३ म्हणजे पाती तीन, १८ हा त्याचा घाट. हे चाकू गुराख्यांचे: टोकदार क्लिप पातं रोजच्या कामाला, सरळ धारेचं शीपफूट दोरी कापायला, आणि बोथट टोकाचं स्पे जनावरं खच्ची करायला. मी स्पेने सफरचंद सोलते.

जुन्या बाजारात चाकू हातात आला की आधी पात्याच्या बुडाजवळच्या शिक्क्यातले ठिपके मोजा. केसने १९७० साली दहा ठिपके घातले आणि पुढे दर वर्षी एक कमी केला; माझ्यावर सहा आहेत, म्हणजे १९७४चा. मग प्रत्येक पातं नखाच्या खाचेतून उघडा. उघडताना खटका स्पष्ट वाजला पाहिजे, आणि उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलता कामा नये. मिटल्यावर टोक वर डोकावत असेल तर घेऊच नका. माझा एक चांगला कुर्ता असाच फाटला. घासून घासून अरुंद झालेलं पातं स्वस्तात मिळतं, पण संग्रहासाठी नको.

सीव्ही (क्रोम-व्हॅनेडियम) शिक्का असलेलं पोलाद गंजतं. फळ कापलं की लगेच पुसा. त्यावर निळसर-करडी छटा चढते ती घासून काढू नका, फार सुंदर दिसते. सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब पुरे. खोबरेल नको, इथल्या थंडीत थिजतं.

खिशात नाणी, किल्ल्यांबरोबर ठेवू नका, हाडाची मूठ ओरखडते. आणि विमानप्रवासात चाकू आठवणीने चेक-इन बॅगेत टाका.