गुळाच्या पेढीवर खून: घरी पहिल्यांदा रहस्यखेळ मांडताना

गेल्या श्रावणाआधी आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी आम्ही आठ जणांनी मिळून एक खून उकलला. खून खोटा, पण त्या रात्री जाऊबाई आणि भाऊजी जे एकमेकांवर तुटून पडले ते अगदी मनापासून. प्रत्येकानं गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपल्यातला खुनी कोण ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, असा हा खेळ. तेव्हापासून तीन घरांत तो मांडून दिलाय. प्रत्येक वेळी 'वैनी, सुरुवात कुठून करायची?' हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सुरुवात गोष्टीपासून करा, सजावटीपासून नको. इंटरनेटवर तयार गोष्टी मिळतात, त्यांत बहुतेक इंग्रजांचा बंगला, बटलर आणि दारूचे प्याले असतात. आपल्या माणसांना बटलर कसा बोलतो ते माहीत नसतं, मग ती गप्प बसतात. पण पेढीवरचा मुनीम कसा बोलतो, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. मी साल घेतलं १९५०, जागा शाहूपुरीतली एक गुळाची पेढी. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही व्यापारपेठ वसवली, तेव्हा गुळाचा अडत्या आणि त्याचा वाडा लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच उभा राहतो. जुनं साल घेण्याचं आणखी एक कारण आहे. त्या काळात मोबाईल नाही, सीसीटीव्ही नाही. 'मी तिथं नव्हतो' हे फक्त तोंडानं सांगायचं, आणि खेळाची सगळी गंमत तिथंच असते.

मेलेला माणूस कुणालाही करायला देऊ नका. तो बिचारा रात्रभर नुसता बसून राहतो. आमचे अडत्ये आण्णा पाहुणे यायच्या आधीच गेलेले होते. उरलेली पात्रं अशी: मुनीम, धाकटा भाऊ, सराफ, तालमीतले वस्ताद, नाटकातली नटी, डॉक्टर आणि घरकाम करणाऱ्या मावशी. मी स्वतः फौजदार. यजमानानं फौजदारच व्हावं, कारण पुरावे वाटणं, वेळ पाळणं आणि अडलेल्याला हळूच वाट दाखवणं ही कामं फौजदाराला शोभतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, ते म्हणजे पाकिटं. आठवडाभर आधी प्रत्येकाच्या हातात एक बंद पाकीट द्या, त्यात तीन कागद. पहिल्यावर, आल्या आल्या सगळ्यांना काय सांगायचं. दुसऱ्यावर, कुणी विचारलं तरच काय सांगायचं. तिसऱ्यावर, काय लपवायचं. हा तिसरा कागद एकाचाही कोरा नको. सराफानं आण्णांकडून पैसे उचलले होते, मावशींनी कोठीतनं गूळ नेला होता, डॉक्टरांचं नटीकडं जाणंयेणं होतं. खुनाशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. पण ज्याच्याकडं लपवायला काहीतरी असतं तो बिचकतो, आणि बिचकणाऱ्यावर संशय येतो. कोडं फार अवघड करायच्या मागं लागू नका. सातही जणांच्या पोटात एकेक गुपित असलं की खेळ आपोआप चालतो. नियम एकच ठेवा: खोटं फक्त खुन्यानं बोलायचं. बाकीच्यांनी टाळाटाळ करावी, विषय बदलावा, पण नेमकं विचारलं की खरं सांगावं.

आता पुरावे. नटीनं पेढीवर कोल्हापुरी साज गहाण ठेवला होता. वहीत नोंद 'साज, पानं २१', आणि डबीतल्या साजात भरली वीस. मी महाद्वार रोडवरनं खोटा साज आणला, एक पानडी पक्कडीनं सोडवली आणि गुळाच्या लहान ढेपेत दडवली. ढेप तव्यावर जराशी कोमट केली की मऊ पडते. चमच्यानं चीर पाडायची, पानडी आत सरकवायची, ओल्या बोटानं वरनं सारखं करायचं. गार झाल्यावर चीर दिसतसुद्धा नाही. ही ढेप मी शेंगदाण्यांबरोबर परातीत सगळ्यांसमोर ठेवली. खाताना पानडी चुकून कुणाच्या तोंडात जायला नको म्हणून फोडायचं काम फौजदारानंच, पुरावा म्हणून, सगळ्यांदेखत करायचं. नणंदबाई साजाची पानं मोजत होत्या, तेवढ्यात मी ढेप फोडली. त्यांनी एकदम 'अगं बया!' म्हणून जो आवाज काढला, त्यावर वरच्या मजल्यावरची पोरं पळत खाली आली. हत्याराचंही असंच. तराजूच्या वजनांची ओळ मांडली आणि त्यातली अडीशेरी गायब ठेवली. काय नाही, हे पाहणाऱ्यानंच ओळखायचं.

पण पहिल्याच वेळी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मुनीम सांगत होता, 'मी संध्याकाळभर खासबागेत कुस्त्या बघत होतो.' खासबाग मैदान उघडं, आणि शेजारीच १९१५ सालचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, छपराचं. त्या संध्याकाळी पाऊस आला, कुस्त्या थांबल्या, नाटक मात्र चालू राहिलं. म्हणजे मुनीम खोटं बोलतोय. हा दुवा माझ्या फार आवडीचा होता, पण पावसाची माहिती मी फक्त वस्तादांच्या पाकिटात ठेवली. वस्ताद झालेल्या भाऊजींना ती कुणी विचारलीच नाही आणि तासभर सगळे अंधारात चाचपडत राहिले. शेवटी मला फौजदार म्हणून ती फोडावी लागली. आता मी ज्या माहितीवाचून उकल होत नाही ती तीन ठिकाणी ठेवते. वस्तादांना कुस्ती अर्धवट सुटल्याचं माहीत असतं. भिजलेली माणसं थिएटरच्या ओसरीला आल्याचं नटीनं पाहिलेलं असतं. मावशींनी अंगणातलं वाळवण घाईनं उचललेलं असतं. तिघांपैकी एक तरी बोलतोच.

खुनी कुणाला करायचं? बडबड्याला नको. आमच्या आत्याबाई, वय एकाहत्तर, मुनीम झाल्या. काळी टोपी घालून, मांडीवर वही घेऊन त्यांनी इतक्या शांतपणे उत्तरं दिली की सराफ झालेला माझा भाचा त्यांचीच बाजू घेऊन भांडला. खुन्याला तो खुनी आहे हे पाकिटातच कळू द्या, म्हणजे त्याची तयारी होते. आणि बोलावताना एकदा विचारून घ्या. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्यांना हा खेळ नको. तिथं चोरीची गोष्ट मांडा.

वेळेचं गणित जेवणाभोवती बसवा. सातला चहा आणि भडंग, तोवर ओळखी. साडेसातला पहिली फेरी, सव्वाआठला साज आणि वह्या बाहेर काढायच्या. जेवण नऊला, शेवटच्या फेरीच्या आधी. ताटावर बसल्यावरच दोघंदोघं कुजबुजतात, सौदे होतात. तांबडा-पांढरा रस्सा करायचा तर मटण दुपारीच शिजवून ठेवा आणि पांढऱ्यात नारळाचं दूध अगदी वाढायच्या वेळी, मंद आचेवर घाला. खळखळून उकळलात तर फुटतो, आणि मग फौजदार चुलीपुढं अडकून पडतो. न खाणाऱ्यांसाठी अख्खा मसूर पुरेसा आहे. जेवणं झाली की लगेच उठवा. भात जास्त झाला की तपास थंडावतो.

पावणेदहाला प्रत्येकाला चिठ्ठी द्या: कुणी, कशानं, कशासाठी. न बोलता लिहायचं आणि एकाच वेळी उघडायचं. नाहीतर मोठ्या आवाजाच्या माणसामागं सगळे जातात. सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर, आणि त्यानंतरच, खुन्यानं उभं राहून कबुली द्यायची, स्वतःच्या शब्दांत. आत्याबाईंनी टोपी काढून वहीवर ठेवली आणि म्हणाल्या, 'आण्णांनी पानं मोजली, बाळांनो. तीस वर्षांत पहिल्यांदा मोजली.' हे वाक्य माझ्या कागदावर नव्हतं.