हायब्रिड गाडीचे खरे मायलेज
मारुती सुझुकी ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या) आवृत्तीचे प्रमाणित मायलेज प्रतिलिटर २७.९७ किलोमीटर असले, तरी तो प्रयोगशाळेतील चाचणीचा आकडा असल्याने आपले मायलेज आपणच मोजावे. टाकी ऑटो-कटपर्यंत, म्हणजे पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि पुढच्या वेळी, शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा तशीच भरून कापलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. एकाच टाकीवरून मात्र निष्कर्ष काढू नये.

सिग्नल लांबून दिसताच ॲक्सिलरेटर सोडून हलका ब्रेक दाबल्यास मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते. शेवटच्या क्षणी करकचून दाबलेल्या ब्रेकमध्ये बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. द्रुतगती मार्गावर बॅटरी भरण्याची ही संधी कमी आणि हवेचा विरोध जास्त, म्हणून तेथे वेग आवरणे हाच खरा उपाय. टायरमधील हवा टायर थंड असताना तपासावी.