कऱ्हाड १८ की २१?

अंधेरीच्या ऑफिसात माझा दुसरा महिना. ग्राहकांच्या दोन याद्यांत तीच माणसं दोनदा आलीत का हे बघायला मी गो या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रत्येक नाव-गावाचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराच्या बाइटवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढून जुळवत होते. बाकी सगळी जुळली, कऱ्हाडची तेवढी जुळेनात. चार दिवस कोड उलटापालटा केला. मेट्रोतून घाटकोपरला उतरून डोंबिवली लोकल पकडेपर्यंत डोक्यात तेच.

सीनियर म्हणाले, "लायब्ररी बदलून बघ." असले सल्ले ऐकू नका. बाइट तेच असतील तर कुठल्याही लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून, उत्तर तेच येणार. उत्तर वेगळं, म्हणजे बाइट वेगळे.

पाचव्या दिवशी दोन्ही याद्यांतल्या "कऱ्हाड"च्या स्ट्रिंगची (मजकुराच्या तुकड्याची) बाइटमधली लांबी छापली. एक १८, दुसरी २१. पडद्यावर मात्र काडीचा फरक नाही!

हे नीट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. "ऱ्ह"मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि पुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह, जे डोळ्यांना दिसतच नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. पहिल्या कऱ्हाडात चिन्हं ६, दुसऱ्यात ७. तुम्हाला शब्द एकच दिसतो. हॅशला फक्त बाइट दिसतात. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) सुटेल वाटलं, तेही नाही. ते साधा र आणि सुटं टिंब जोडून ऱ करतं, जॉइनरवाल्याला हात लावत नाही. शेवटी र-हलन्त-जॉइनर ही तिकडी शोधून तिथे ऱ-हलन्त घातलं, मग एनएफसी, मग हॅश.

फाइलचा हॅश काढणं त्यामानाने सोपं. अख्खी मेमरीत ओढू नका, गोच्या आयओ.कॉपीने थेट हॅशरमध्ये (हॅश काढणाऱ्या कोडमध्ये) सोडा. आधीच वाचून संपवली असेल तर सीक करून सुरुवातीला या. नाहीतर ई३बी०सी४४२ ने सुरू होणारा हॅश मिळेल, तो रिकाम्या इनपुटचा. एसएचए-१ ही जुनी हॅश पद्धत नव्या कामात नकोच. तिची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश, २०१७ मध्येच करून दाखवली गेली. पासवर्डला आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट या त्यासाठीच्या मुद्दाम संथ पद्धती, साधा हॅश कधीच नाही.

आणि जुळत नाही म्हणून स्वतःवर शंका घेऊ नका. आधी स्मॉल लिपीतल्या एबीसी या तीन इंग्रजी अक्षरांचा एसएचए-२५६ हॅश काढा. बीए७८१६बीएफ ने सुरू झाला तर बहुधा तुमचा कोड ठीक आहे. मग स्ट्रिंगचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) छापा. माझ्या टेस्टमध्ये आता कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या दोन्ही पद्धतींनी टाइप केलेले आहेत.