तारखेवरून फोटोंची नावं बदलताय? या चुका टाळा

‘डीएससी_०४१२’सारखी नावं काढून शेकडो फोटोंना तारीख-वेळेची नावं देणं हे सॉफ्टवेअरसाठी मिनिटभराचं काम आहे. पण चूक झाली तर तीही त्याच वेगाने सगळ्या फाइलींवर होते, आणि जुनी नावं परत मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून आधी फोल्डरची प्रत काढा आणि दहा-बारा फोटोंवर करून बघा. एक्झिफटूल या फोटोंमधली माहिती वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘टेस्टनेम’ ही सोय आहे. नवं नाव काय होईल ते दिसतं, फाइलला हात लागत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो कुठली तारीख घ्यायची यात. शटर दाबलं तो क्षण एक्झिफच्या, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलीतच लिहून ठेवतो त्या माहितीच्या, ‘डेटटाइमओरिजिनल’ या नोंदीत असतो. ‘मॉडिफायडेट’ फोटो एडिट केल्यावर बदलू शकते. विंडोजच्या फोल्डरमधली ‘डेट क्रिएटेड’ तर एक्झिफमधली नव्हेच, ती फाइल त्या डिस्कवर कधी आली ते सांगते. मी एकदा जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर घेतले आणि नेमकी हीच तारीख निवडली. चार वर्षांचे फोटो एका दुपारचे होऊन बसले! आतलं एक्झिफ शाबूत होतं म्हणून निभावलं.

व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोंना मात्र हा आधार नसतो. पाठवताना एक्झिफ गळून पडतं. अँड्रॉइड फोनमध्ये त्यांच्या ‘आयएमजी-२०२३०८१५-डब्ल्यूए०००७’ अशा नावातच तारीख असते आणि बऱ्याचदा तेवढाच पुरावा उरतो. ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, बाकीच्यांबरोबर हाकू नका.

कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर? एकाच कार्यक्रमात दोन कॅमेरे असले आणि एकाचं घड्याळ १७ मिनिटं मागे असलं, की नावं बदलल्यावर क्रम विस्कटतो. अशा वेळी आधी एक्झिफमधली वेळ सरकवायची, नावं त्यानंतर. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच क्षणाचा एखादा फोटो काढलेला शोधा, म्हणजे फरक नेमका कळतो. पुढच्या वेळी सुरुवातीलाच दोघांनी एकाच फोनच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवावा. बॅटरी फार दिवस संपलेली राहिली तर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. एकाच १ जानेवारीला संशयास्पद गर्दी दिसली तर कारण बहुधा हेच. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंत असली तर स्कॅनची तारीख असते, ती हातानेच बदलावी लागते.

व्हिडिओचं गणित निराळं. एमपी४ आणि एमओव्ही फाइलींमधली वेळ नियमाप्रमाणे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, पण बरेच कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात. फोटो बरोबर आणि व्हिडिओ मात्र ठरावीक तासांनी पुढे-मागे, असं दिसलं तर इथे बघा.

नावाच्या साच्यात एक छुपी चूक होते. एक्झिफटूलमध्ये छोटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. अदलाबदल झाली तर ४७वा महिना लगेच डोळ्यांत भरतो, पण फोटो ९ वाजून ५ मिनिटांचा असेल तर मे महिना बिनबोभाट खपून जातो. एक्झिफमध्ये तारीख-वेळेच्या आकड्यांमध्ये विसर्गासारखी चिन्हं (:) असतात, ती विंडोज फाइलच्या नावात चालू देत नाही, तिथे आडवी रेघ घ्या. वर्ष आधी, महिना आणि दिवस दोन आकडी, वेळ २४ तासांची.

बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढताना, एका सेकंदाला अनेक फोटो निघतात, मग नावं एकमेकांवर आदळतात. मी कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक शेवटी ठेवते: ‘२०२३-०८-१५_१४-३०-०५_०४१२’. नाव सहसा वेगळं राहतं आणि जुनी फाइल ओळखताही येते.

रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), त्याचं जेपेग आणि एक्सएमपी (एडिटिंगच्या नोंदी ठेवणारी जोडफाइल) यांची नावं एकदमच बदला. एक्सएमपी मागे राहिली तर त्यातलं एडिटिंग फोटोपासून तुटतं. फोटो एडिट करायचं लाइटरूम सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावं त्याच्या आतूनच बदला, बाहेरून बदललीत तर त्याच्या कॅटलॉगला, म्हणजे फोटोंच्या नोंदवहीला, फोटो सापडत नाहीत.