व्हिएतनामी हॉटेलात जाताय? मग तो पाला सोडून उठू नका

आधी आमचा गाढवपणा सांगते, म्हणजे तुमचा वाचेल. नणंदेचा वाढदिवस होता, घोडबंदर रोडला एक नवीन जागा उघडली होती, सगळे नेरूळवरून ट्रॅफिक खात दीड तासाने पोचलो, भुकेने जीव चाललेला, आणि फो मागवला, म्हणजे तांदळाच्या नूडल्स घातलेला पातळ रस्सा. वाडगा एवढा मोठा की आमच्याकडे त्यात चार माणसांची आमटी होते. सोबत एका ताटलीत मुगाचे लांब दांड्याचे पांढरे मोड, तुळशीसारखी कसलीतरी पानं, पुदिना, लिंबाच्या फोडी, लाल मिरचीच्या चकत्या. आम्हाला वाटलं डेकोरेशन. बाजूला सरकवलं. नवऱ्याने दोन चमचे रस्सा घेतला आणि म्हणाला, अगं हे तर ताप आलेल्या माणसाचं सूप आहे. मग सगळ्यांनी मिळून तोंडं वाकडी केली, वेटर ती पाल्याची ताटली जशीच्या तशी उचलून घेऊन गेला, आणि येताना गाडीत कुणीतरी म्हणालं की यापेक्षा मंचुरियन बरं होतं.

म्हणजे कसं झालं, ठाण्याच्या मामलेदार मिसळला जाऊन नुसती उसळ खाल्ली, तर्री आणि फरसाण आणि कांदा तिथेच ठेवला आणि बाहेर येऊन म्हणालो की मिसळीत काय दम नाही. व्हिएतनामी जेवण किचनमधून अर्धंच बाहेर येतं. उरलेलं अर्धं तुम्ही टेबलावर करायचं असतं. एवढं एक डोक्यात ठेवलं की बाकी सगळं जमतं, पण हे कोणी सांगत नाही आणि मेनूवर पण लिहिलेलं नसतं.

तर फो आला की आधी काहीही न घालता रस्सा दोन-तीन चमचे नुसता प्यायचा. हे खरंच करा, कारण किचनने तासन् तास जे काम केलंय ते त्या रश्श्यात आहे. हाडं सहा-आठ तास मंद उकळतात, त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे, आणि कांदा-आलं आधी थेट विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून घालतात. ओळखीचं वाटलं ना? आपल्या गोड्या मसाल्यातली निम्मी मंडळी तिथे हजर आहेत, आणि कांदा भाजून घ्यायची सवय तर आपल्या प्रत्येक मटणाच्या वाटणात आहे. फरक इतकाच की आपण ते सगळं वाटून घालतो आणि ते लोक अख्खं घालून, उकळून, गाळून काढून टाकतात. म्हणून रंग पाण्यासारखा आणि वास मसाल्याच्या डब्यासारखा. आपल्याकडे बाजारात येणारं चक्रीफूल बरंचसं व्हिएतनाममधूनच येतं, त्यामुळे वाशीच्या मसाला मार्केटमधून तुम्ही आणलेलं आणि त्या वाडग्यातलं बहुधा एकाच डोंगराकडचं असेल.

चव बघितली की मग ताटलीकडे वळायचं. मोड पहिल्यांदा, रस्सा चटका बसण्याइतका गरम आहे तोवरच, आणि चमच्याने खाली दाबायचे म्हणजे कचकच राहते पण कच्चा वास जातो. पानं हाताने तोडून, सुरीने नाही, आणि एकदम सगळी नाही, थोडी आत्ता, थोडी अर्धा वाडगा संपल्यावर. लिंबू पिळा. मिरची जपून, ती छोटी लाल मिरची आपल्या लवंगीची बहीण आहे. मग परत एक चमचा प्या. आमचे हे दुसऱ्या वेळी इथपर्यंत आले आणि गप्प झाले, जे आमच्या घरात क्वचित होतं.

टेबलावर दोन बाटल्या असतात, एक काळा गोडसर होइसिन सॉस आणि एक लाल तिखट स्रिराचा सॉस. आपला हात लगेच दोन्ही रश्श्यात ओतायला जातो, चायनीजच्या गाडीवरची सवय. नका. छोट्या वाटीत दोन्ही काढा, थोडं कालवा, आणि चिकनचा तुकडा त्यात बुडवून खा. रश्श्यात ओतलं की सहा तासांचं काम एका सेकंदात केचप. (पैसे तुमचे आहेत, ओतायचं तर ओता, पण आधी प्या तरी.)

आणि फोटो काढत बसू नका. तांदळाच्या नूडल्स रश्श्यात फुगतात, दहा मिनिटांत खिमट होतं. चॉपस्टिक उजव्या हातात, चमचा डाव्या हातात, नूडल्स उचलून चमच्यात टेकवायच्या आणि तोंडात, सुर्र आवाज आला तरी चालतो. चॉपस्टिक जमत नसेल तर काटा मागा, कोणी हसत नाही. फक्त एक, चॉपस्टिक भाताच्या वाटीत उभी खोचून ठेवू नका, त्यांच्याकडे ते मेलेल्या माणसापुढे उदबत्ती लावल्यासारखं दिसतं. आपल्याकडे पण भातात काही उभं खोचलं तर आजी काय म्हणाली असती ते आठवा.

नाव उच्चारायचं कसं यावर फार भांडणं होतात. खरा उच्चार फो नाही, साधारण ‘फअ?’ असा, शेवटी आवाज थोडा खाली जाऊन प्रश्न विचारल्यासारखा वर येतो. पण ठाण्यातल्या वेटरला तसं म्हणालात तर तो विचारेल, क्या मॅडम? त्यामुळे फो म्हणा आणि पुढे व्हा. बाकी मेनू वाचायला दोन-चार शब्द पुरतात: बुन म्हणजे तांदळाच्या गोल बारीक शेवया (कोकणातले शिरवाळे डोळ्यासमोर आणा, फक्त गुळाचा रस वजा), गा म्हणजे चिकन, बो म्हणजे गाय-बैलाचं मांस. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे इथे ‘बो’ लिहिलेलं दिसलं तर ते सहसा म्हशीचं असतं, चालत नसेल तर विचारून घ्या. चिकन फो मागवला म्हणून काही कमी प्रतीचं खाताय असं मात्र नाही. हनोईत एके काळी सोमवारी आणि शुक्रवारी गाय-बैलाचं मांस बाजारात मिळायचं नाही म्हणून चिकनचा फो सुरू झाला असं सांगतात. वार बघून चिकन खाणारे आपण एकटेच नाही.

आता व्हेजवाल्यांसाठी, आणि हा भाग नीट वाचा कारण इथे आमचं खरंच वाईट झालं. दुसऱ्या एका ठिकाणी, पाम बीच रोडच्या बाजूला, सासूबाईंना घेऊन गेलो होतो, गुरुवार होता. सोबत ऑफिसमधली माझी मैत्रीण, दिवाळे गावातली कोळी. वेटरला मी तीनदा विचारलं, व्हेज है ना? तो तीनदा म्हणाला, प्युअर व्हेज मॅडम. रोल आले, पारदर्शक कागदासारख्या पापुद्र्यात गाजर, काकडी, टोफू, पुदिना, इतके सुंदर दिसत होते की आईंनी पहिल्यांदा स्वतःहून हात पुढे केला. बाजूला सोनेरी रंगाची पातळ चटणी. आईंनी रोल बुडवून एक घास घेतला, आणि तेवढ्यात मैत्रिणीने आपला रोल बुडवला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. म्हणाली, अगं यात म्हावरा आहे, आमच्या घरी सुकत घातलेल्या जवळ्याचा वास मी झोपेत पण ओळखेन. वेटरला बोलावलं तर तो म्हणे, रोल व्हेजच आहे मॅडम, सॉस सगळ्यांना तोच असतो. आई काही बोलल्या नाहीत, उरलेला रोल ताटाच्या कडेला ठेवला आणि ग्लासभर पाणी प्यायल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती चटणी म्हणजे नुओक चाम, आणि तिच्या पोटात असतो नुओक माम, म्हणजे फिश सॉस. आपल्या मांदेलीच्या नात्यातली छोटी मासळी मिठासोबत मोठाल्या लाकडी पिंपात भरून वर्षभर मुरवतात आणि खाली जो रस पाझरतो तो हा. फु क्वॉक नावाच्या बेटावरचा फार नावाजलेला. त्यात पाणी, साखर, लिंबू, लसूण, मिरची घातली की चटणी तयार. मासे खाणाऱ्यांनी प्लीज नाक मुरडू नका, वास उग्र असला तरी चव इतकी गोल आहे की आमच्या फ्रिजमध्ये आता एक बाटली कायम असते आणि भेंडीत पण अर्धा चमचा जातो (आईंची भेंडी वेगळ्या कढईत).

तर ‘व्हेज है क्या’ हा प्रश्नच विचारू नका. स्वच्छ हिंदीत विचारा, फिश सॉस डाला है क्या, चटनी में भी? सूप का पानी किसका है, हड्डी का या सब्जी का? ऑयस्टर सॉस? कारण व्हेज फो लिहून वर टोफू आणि खाली चिकनचा रस्सा हा प्रकार होऊ शकतो, आणि करणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही. चटणी सोया सॉसमध्ये करून द्या म्हणालं की चांगल्या जागा पाच मिनिटांत करून देतात. शेंगदाण्याची दाट चटणी पण असते, तीही विचारूनच घ्या. मेनूवर ‘चाय’ लिहिलं असेल तर चहा समजू नका, त्यांच्याकडे त्याचा अर्थ शाकाहारी. तिकडचे बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावस्या-पौर्णिमेच्या हिशोबाने, चाय पाळतात, आणि कडक पाळणारे कांदा-लसूण पण खात नाहीत. त्यामुळे जैन जेवण ही कल्पना त्यांच्या खाण्याला परकी नाही, आपल्याकडच्या किचनला जमेल की नाही तो वेगळा प्रश्न. फोच्या रश्श्यात भाजलेला कांदा असतोच, तेव्हा जैन मंडळींनी फोन करून आधी विचारूनच जा.

आईंबद्दल अजून एक सांगायलाच पाहिजे. त्या प्रसंगानंतर मला वाटलं परत यायच्या नाहीत, पण दोन महिन्यांनी आल्या (सोया सॉसची चटणी आधी फोनवर ठरवून), आणि त्या जागी रोल स्वतः टेबलावर करायचे होते. तांदळाचे कडक पापड, एक वाडगं कोमट पाणी, भाज्या. मी पापड पाण्यात ठेवून गप्पा मारत बसले, काढेपर्यंत त्याचा चिकट रुमाल झाला. आईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, स्वतःचा पापड पाण्यातून नुसता फिरवून काढला, अजून कडकच होता, ताटात पसरला, तो तिथे आपोआप मऊ पडला. मग खालच्या बाजूला, आपल्याकडच्या कडेला, भाजी कमी घातली, दोन्ही बाजू आत मुडपल्या आणि अंगठ्याने दाबत पुढे गुंडाळत गेल्या. अळूवडीचा उंडा. चाळीस वर्षांची सवय. तेव्हा कृती हीच: दोन-तीन सेकंद पाणी, कमी सारण, कडा आत, घट्ट वळा, आणि लगेच खा, ठेवला की वातड होतो. न तळलेला हा गॉय कुऑन, तळलेला पाहिजे तर चा झ्यॉ मागा, तो लेट्यूसच्या पानात गुंडाळून चटणीत बुडवायचा, नुसता खाल्लात तर स्प्रिंग रोलच आहे की मग.

घावन आवडत असेल तर बान सेओ बघा मेनूवर. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, कुरकुरीत, आत कोळंबी आणि मोड. ‘सेओ’ हा तव्यावरचा चर्र आवाज. यालाही काट्या-चमच्याने खाऊ नका, तुकडा तोडा, पानात गुंडाळा, बुडवा. बान मी, म्हणजे त्यांचं सँडविच, त्याबद्दल फार सांगत नाही, पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला तसा फ्रेंचांनी त्यांना ब्रेड दिला आणि दोघांनीही त्याचं भलतंच काहीतरी चांगलं केलं, फक्त तो तिथेच खा, पार्सल केलात तर नवी मुंबईच्या दमटपणात चामडं होतं. फो पार्सल चालतो, पण रस्सा, नूडल्स, पाला तिन्ही वेगळे द्या असं सांगून, आणि रस्सा घरी परत उकळून.

चौघांसाठी किती मागवायचं? फो दोन, रोलची एक प्लेट, एक बान सेओ, आणि थांबा. नंतर मागवता येतं. आपण सुरुवातीलाच सात गोष्टी मागवतो आणि मग सगळं एकदम येऊन गार होतं. बिलावर ५ टक्के जीएसटी बहुतेक जागी असतोच, पण सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगू शकता, सक्तीने लावता येत नाही असं मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही म्हटलंय. वेटरने पाला कसा घालायचा ते दाखवलं असेल तर टिप मात्र द्या.

शेवटी कॉफी. ग्लासात तळाला कंडेन्स्ड मिल्क, वर छोटा धातूचा फिल्टर, त्यातून थेंब थेंब. चार-पाच मिनिटं लागतात, चमच्याने टोचू नका, झाकण उचलून बघू नका. पूर्ण गळली की ढवळायची आणि बर्फाच्या ग्लासात ओतायची. चव मिल्कमेड आणि कडू चॉकलेटच्या मधली. हनोईची अंड्याची कॉफी कुठे मिळाली तर घ्या, १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून एका बारटेंडरने अंड्याचा बलक फेटून दुधाची उणीव भरून काढली. पण वेळ बघून घ्या. व्हिएतनामी कॉफी सहसा रोबस्टा जातीची असते, अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन. मी रात्री साडेदहाला मोठ्या आनंदाने पूर्ण ग्लास संपवला आणि अडीच वाजता नेरूळच्या किचनमध्ये सगळे मसाल्याचे डबे काढून पुसत बसले होते, चक्रीफुलाचा सगळ्यात शेवटी.